सांडगा वाळतो, झुरळ कमावलं जातं

नमस्कार. कात टाकलेलं मऊ, पांढरं झुरळ रसायनांनी कडक होतं, असं मी ‘पांढरं झुरळ’ या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “कात टाकल्यावर झुरळ ओलं असतं, वाळलं की कडक होतं. आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये सांडगेसुद्धा खडखडीत वाळतात, त्यात कसली रसायनं? कडकपणा कायटिनचाच.”

सांडगा पाण्यात टाकला की पुन्हा मऊ पडतो. झुरळाचं पाठीवरचं कवच रात्रभर भिजवलं तरी लिबलिबीत होत नाही. हिप्परग्याच्या तलावात चतुराची पिल्लं पाण्याखालीच कात टाकतात आणि तिथेच टणक होतात, ऊन न लागता. कायटिन (कीटकांच्या कवचातला तंतुमय पदार्थ) तर हरभऱ्यावरच्या घाटे अळीच्या कातडीतही असतं, पण ती बोटानं दाबली की दबते.

कडक होण्याची खरी सुरुवात टायरोसीन या अमिनो आम्लापासून होते. त्यापासून डोपा, डोपापासून डोपामीन (हो, आपल्या मेंदूतलंच). त्याला अ‍ॅसिटिल किंवा बीटा-अ‍ॅलानिन जोडलं जातं आणि ते रेणू नव्या कवचात झिरपतात. तिथे लॅकेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन वापरून त्यांची क्विनोनं, म्हणजे प्रथिनांना चटकन चिकटणारे रेणू, करतं. क्विनोन शेजारच्या प्रथिनातल्या हिस्टिडीन या घटकाला धरतं, मग दुसऱ्या प्रथिनाला, आणि सुटी प्रथिनं टाक्यांनी शिवल्यासारखी जखडली जातात. आपल्या माळरानावरच्या तरवडाच्या सालीनं कातडं कमावतात, तिथेही प्रथिनंच बांधली जातात, रसायन तेवढं वेगळं. झुरळाच्या अंड्यांच्या डबीबद्दल प्रायर या संशोधकांनी हा विचार १९४० मध्येच मांडला होता.

कवचातलं पाणी कमी होतं, हे तुमचं बरोबर आहे. १९७९ मध्ये व्हिन्सेंट आणि हिलर्टन या संशोधकांनी तर कडकपणाचं श्रेय मुख्यतः त्यालाच दिलं. पण तेही उन्हानं वाळण्याबद्दल बोलत नव्हते. हीच रसायनं कवचातलं पाणी बाहेर काढतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला सर्वात पटलेला पुरावा १९६२ चा आहे. फ्रँकेल आणि सियाओ यांनी कोशातून नुकत्याच निघालेल्या माश्यांच्या मानेला दोरा आवळला. हवा तीच, पण धड फिकट आणि मऊच राहिलं, कारण कडक होण्याचा इशारा देणारं संप्रेरक डोक्याकडून मिळणाऱ्या हुकमाशिवाय रक्तात उतरलंच नाही. त्याला पुढे बर्सिकॉन हे नाव मिळालं. नुसतं वाळायचं असतं, तर दोऱ्यानं काय अडलं असतं?

तुमच्यामुळे लेख पुन्हा वाचला आणि माझी एक चूक सापडली. ‘जितकं काळं तितकं कडक’ असं मी लिहिलं होतं, ते काढलं आहे. अ‍ॅसिटिल जोडलेल्या डोपामीननं बांधलेलं कवच जवळजवळ रंगहीन असूनही कडक असतं. तपकिरी छटा बीटा-अ‍ॅलानिनवाल्याची, काळा रंग मेलॅनिनचा.