काका, कुठलं व्हर्जन?

आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालं तेव्हा लिफ्ट मिळाली, पार्किंग मिळालं आणि शेजारच्या काकांचा आवाज मिळाला. जुन्या बिल्डिंगच्या भिंती अशा जाड होत्या की पलीकडे भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी कामवालीकडून कळायचं, आता काका चष्म्याची डबी बंद करतात ती पण ऐकू येते. गोरेगावात ह्या भावात एवढीच भिंत परवडते म्हणे.

तर काका रिटायर झाले. मुंबईत रिटायर झालेला माणूस एकतर सोसायटीचा सेक्रेटरी होतो नाहीतर कराओकेला लागतो, आणि आमच्याकडे सेक्रेटरी आधीच होते. मग लॅमिंग्टन रोडवरून माइकवाला स्पीकर आला आणि रोज संध्याकाळी जुनी हिंदी गाणी सुरू झाली. ते आम्ही चालवून घेतलं, कारण ती गाणी आपल्याला पाठ असतात, काकांचं चुकलं की आपण मनातल्या मनात दुरुस्त करून कुकर लावायचा.

पण मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी ओर्लेमची, ख्रिश्चन, एकदम गोड मुलगी आहे, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. चर्चमधल्या लग्नानंतर रिसेप्शनला नवरानवरीचा पहिला डान्स असतो, आणि व्याह्यांनी प्रेमाने सुचवलं की तुम्ही एवढे गाता, तर त्या डान्सचं गाणं तुम्हीच म्हणा ना. गाणं ठरलं 'अनचेन्ड मेलडी'. काका हो म्हणाले, आणि ते कुठे गाणार, तर माझ्या बेडरूमच्या भिंतीला स्पीकर टेकवून.

बरं, गाणं एक असतं तर निभलं असतं. हे मूळचं 1955 सालचं, 'अनचेन्ड' नावाच्या तुरुंगावरच्या सिनेमातलं, ॲलेक्स नॉर्थचं संगीत, हाय झॅरेटचे शब्द, आणि सिनेमात ते टॉड डंकन म्हणतो, कैदी म्हणून. त्याच वर्षी लेस बॅक्स्टरने केलं, अल हिबलरने केलं, रॉय हॅमिल्टनने केलं, तिकडे इंग्लंडात जिमी यंगने करून पहिला नंबर मारला. एका वर्षात! तेव्हापासून जो उठतो तो हे गाणं रेकॉर्ड करतो, नुसत्या इंग्लंडातच चार वेगवेगळ्यांनी ते पहिल्या नंबरवर नेलंय. त्यात रॉबसन आणि जेरोम म्हणजे तर चक्क टीव्ही सीरियलमधले दोन नट. ही सगळी माहिती मला स्वतःहून नको होती हो, काकांनी दिली, लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून सातव्यापर्यंत.

आणि प्रत्येकाला वाटतं आपण पहिल्यांदा ऐकलं तेच ओरिजिनल. नवरदेवाला राइचस ब्रदर्सचं हवं, ते 1990च्या 'घोस्ट' सिनेमात आहे ना, चाकावर माती फिरवत असतात तेव्हाचं. व्याही तरुणपणी गिटार वाजवायचे, त्यांचं म्हणणं एल्विसच, 1977मध्ये जाण्याआधी स्वतः पियानोवर बसून म्हटलेलं, बाकी सगळी नक्कल. मुलीच्या कझिनला गॅरेथ गेट्सचं, 2002चं, 'पॉप आयडल'मधला पोरगा. काकूंना कुठलंच नको, त्यांनी 'घोस्ट' पाहिलाय आणि त्यांच्या लक्षात फक्त एवढंच राहिलंय की तो माठ शेवटी मोडला, चांगला होत आला होता.

शेवटी राइचस ब्रदर्सवर तडजोड झाली, तर ॲपमध्ये राइचस ब्रदर्सचेच ट्रॅक दोन! म्हणजे मूळ 1965चं, आणि सिनेमा हिट झाल्यावर त्यांनी पुन्हा रेकॉर्ड केलेलं, ही दोन्ही तेव्हा अमेरिकेच्या टॉप 20 मध्ये एकाच वेळी होती. स्वतःशीच स्पर्धा. काकांनी दोन्ही करून बघितले, एकामागून एक, आलटून पालटून, आणि दर वेळी भिंतीवर टकटक करून, 'अरे, ऐकलंस का, आत्ताचं बरं की मगाचचं?' मी म्हणायचो मगाचचं. कुठलंही असलं तरी मगाचचंच, कारण ते संपलेलं असायचं.

तरी ठेका जमला लवकर. काकांचे एक मित्र तबला वाजवतात, ते एकदा ऐकून म्हणाले 'हा तर दादरा आहे की', आणि खरंच त्यांनी मांडीवर धा धिं ना, धा तिं ना असा धरला तर गाणं त्यात बसलं पण. घोडं अडलं ते पट्टीत. नावात ब्रदर्स असले तरी गायलाय एकटा बॉबी हॅटफील्ड, आणि शेवटच्या कडव्यात 'नीड' म्हणताना तो मेला असा काही वर जातो की काकांची काळी एक तिथे पोचायच्या आत वाटेतच बसते. मग ते काय करायचे, तिथे आले की ट्रॅक थांबवायचे, खाकरायचे, घोटभर कोमट पाणी, आणि परत मागून सुरू. परत खाकरणं. त्यामुळे माझ्या डोक्यात ते गाणं बसलं तेच मुळी अर्धवट, तो वरचा सूर कधी लागायचाच नाही. बीकेसीत मीटिंगमध्ये बसलोय आणि डोक्यात गाणं चढतंय, चढतंय, आणि खाकरणं. डोक्याची पार मंडई.

शेवटी बँडवाल्यांशी बोलून ठरलं की पट्टी उतरवायची आणि ती जागा वर न जाता खालूनच काढायची. शहाणपणाचं होतं. पण मला कोणी सांगितलं नाही.

रिसेप्शनला काका सुटात, मागे लाइव्ह बँड, आणि खरं सांगतो, गायले बरे. भिंत मध्ये नसली की माणूस बरा ऐकू येतो बहुतेक. मुलगा आणि सून छान सावकाश फिरत होते, व्याही कोपऱ्यात डोळे मिटून मनातल्या मनात एल्विस ऐकत असावेत. आणि ती जागा आली तशी काकांनी हुशारी केली, हल्ली मोठे गायक करतात तसा माइक सरळ पब्लिककडे फिरवला. ओर्लेमची निम्मी मंडळी चर्चच्या क्वायरमधली, त्यांनी ठरल्याप्रमाणे खालचा सूर असा मऊसूत लावला की बस्स.

वर गेलो तो मी एकटा. इतके महिने अडकलेला सूर होता तो, सुटला.

व्हिडिओत नवरानवरी थांबून माझ्याकडे बघताना स्पष्ट दिसतात. सेक्रेटरींनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, काकांचा पण एक. हसा तुम्ही. 1965च्या रेकॉर्डप्रमाणे तिथे वरच जायचं असतं, वाटल्यास लावून बघा.