बडोद्यात नवीन आलात?

बदली होऊन बडोद्यात आलात, दांडिया बाजारात खोली मिळाली, सेव उसळ खाऊन झाली, सयाजीबागेत चक्करही झाली. आता शनिवारी संध्याकाळी तुमच्या मनात एक प्रश्न येईल. तो मोठ्याने विचारू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, राज्य १९६० साली जन्मलं तेव्हापासून. (कायदा त्याहून जुना, १९४९ चा, मुंबई राज्यातला. म्हणजे माहेरचा आहेर आपलाच.)

पुण्यातल्यासारखं दुकानासमोर रांगेत उभं राहायची इथे गरज नाही. माल घरी येतो. आणणाऱ्याला बुटलेगर म्हणतात आणि हा शब्द आमच्या आज्यांनाही ठाऊक आहे. दूधवाला एखाद्या दिवशी खाडा करेल, हा करणार नाही.

हे पटत नसेल, तर माउंट आबूला 'हवा खायला' जा. आमच्या सोसायटीतली मंडळी वर्षाला दोनदा जातात. देलवाड्याची मंदिरं कशी वाटली असं तेवढं त्यांना विचारू नका, उगाच अवघडतात.

पण माझं ऐकाल, तर चाळिशीपर्यंत कळ काढा. मग तब्येतीचं परमिट मिळतं. झोप येत नाही, ताण असतो, असं काहीतरी डॉक्टरांकडून लिहून आणायचं. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते, हे त्याच डॉक्टरांना माहीत असतं. तुम्ही त्यांना आठवण करून देऊ नका. जसं वय वाढतं तसा महिन्याचा कोटाही वाढतो. यकृत थकत जातं आणि बाटल्या वाढत जातात, असा हा औषधोपचार. अर्जाला इन्कम टॅक्सचं रिटर्न मात्र जोडा. ज्याचं उत्पन्न नाही त्याला निद्रानाश होत नाही, असं शास्त्र असावं.

आता रिटर्न न भरणाऱ्यांचं काय, असं विचाराल. त्यांच्यासाठी पोटली आहे: प्लास्टिकच्या पिशवीत देशी, वर गाठ. दिवसभर विटा वाहून खांदे भरून आले, की ती उघडायची. पोटलीवर लेबल नसतं, त्यामुळे आत काय आहे हे दुसऱ्या दिवशी कळतं. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात पिशव्यांत कारखान्यातून चोरलेलं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, निघालं. चाळीसहून जास्त माणसं गेली. २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरावर गेली होती. इथे याला लठ्ठाकांड म्हणतात.

मिथेनॉलचं यकृतात फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, आणि ते आधी डोळ्यांची नस धरतं. रोगी म्हणतो, धुकं दिसतंय. घरचे म्हणतात, उतरली नसेल अजून, झोपू द्या. हा सल्ला मी देत नाही. तो घरोघरी आधीपासूनच फुकट मिळतो.

त्यातूनही कोणी वेळेत इस्पितळात पोचलाच, तर या विषावरचा एक जुना उतारा ऐकून ठेवा: इथेनॉल. म्हणजे शुद्ध दारू. यकृत तिच्यात गुंतून राहतं, तोवर विष बाहेर काढता येतं. नळीतून देतात, डॉक्टर स्वतः उभे राहून. वयाची अट नाही, रिटर्नही मागत नाहीत.