काहून ती दोन बोटं?

वेरूळच्या कैलास लेण्यातल्या फोटोत सोंड तुटलेला दगडी हत्ती मागं उभा, अन् पुढं आमचं अख्खं खानदान दोन बोटं वर करून! काहून? 1941 मध्ये बेल्जियमच्या व्हिक्टर द लावले यांनी बीबीसीवरून विजयाची खूण म्हणून 'व्ही' सुचवला, चर्चिलनं तो दोन बोटांनी दाखवून गाजवला. पुढं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांनी तोच शांततेसाठी वापरला. ठीक. पण हळदीत माखलेला आमचा नवरदेव कोणतं युद्ध जिंकून पाटावर बसलाय? (लग्न तर अजून व्हायचंय.) हिरव्या चुड्यातली आत्या पदर सावरत बोटं काढते, चुलत्याच्या डोक्यामागं कुणीतरी शिंगं लावतं, आणि फोटोवाला वरून ओरडतो, "आत्याबाई, बोटं दिसंनात, जरा वर घ्या!"