सुपरग्लूने तंबाखूचा पाईप जोडायच्या आधी

रविवारी सकाळी मामांचा मेसेज: "सोडा घरात आहे, ट्यूब आणलीय. जेवण झालं की करतो." सोबत तोच फॉरवर्ड, जो महिन्याभरात माझ्याकडे तिसऱ्यांदा येतोय. "पाईपला तडा गेलाय? फेकू नका! तड्यात खाण्याचा सोडा भरा, वरून सुपरग्लू सोडा. दोन मिनिटांत दगड! मूळ लाकडापेक्षा मजबूत, १००% हीटप्रूफ. डॉक्टर जखमा यानेच चिकटवतात, म्हणजे विषारी नाही. आतून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवा, पुन्हा कधी तडा जाणार नाही."

मामा मर्चंट नेव्हीत होते. तेव्हाचा ब्रायरचा, म्हणजे त्या नावाच्या कठीण लाकडाचा, पाईप अजून संध्याकाळी गॅलरीत पेटतो. तंबाखू भरतात त्या भांड्याला काठापासून खाली पेरभर तडा गेलाय. मी फोन करून म्हटलं, मामा, आधी ती ट्यूब खाली ठेवा.

कापसाचा बोळा हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने हा प्रयोग स्वतः केलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, आणि कापसाशी त्याचं मुळीच पटत नाही. सुती धाग्यांत तो भिनला की भराभर घट्ट होतो आणि त्या क्रियेत इतकी उष्णता सुटते की बोटं भाजतात. सुती कपड्यावर ट्यूब सांडून कातडी भाजल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. सोड्यानेही तेच होतं. तो अल्कलीधर्मी, म्हणून गोंद दोन मिनिटं कशाला, दोन-चार सेकंदांतच कडक होतो; तापतो आणि डोळे चुरचुरवणारी वाफ सोडतो. सत्तरी ओलांडलेला माणूस हे सगळं डोळ्यांजवळ धरून करणार होता.

आता "हीटप्रूफ". कुठल्याही बऱ्या उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक उघडून बघा. साध्या सायनोअ‍ॅक्रिलेटची मर्यादा ८० अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली असते. म्हणजे चहाला उकळी येण्याआधीच हा गडी गारद. सावकाश ओढलेल्या पाईपमधला निखाराही काही शे अंशांचा असतो. भांडं बाहेरून हाताला कोमटच लागतं, कबूल, पण फॉरवर्ड तर आतून लावायला सांगतोय! फार तापलं की हा प्लास्टिकसारखा थर सुटा होऊन पुन्हा मूळ रसायनाच्या वाफेत जातो, आणि ती वाफ झुरक्याबरोबर सरळ घशात. यावर ग्रुपमधल्या एकाने लिहिलं, "तंबाखू ओढणाऱ्याने गोंदाला काय घाबरायचं?" तंबाखूचं विष मामांना ठाऊक आहे, ते त्यांनी पत्करलंय. गोंदाचं कुणी त्यांना विचारलंय?

डॉक्टरांचा दाखला तर कमालच. जखमेसाठी वापरतात ते ऑक्टिल सायनोअ‍ॅक्रिलेट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९९८ मध्ये मान्यता दिली, आणि तीही कातडीवर बाहेरून लावायला. वाण्याकडच्या ट्यूबमध्ये असतं ते बहुधा एथिल सायनोअ‍ॅक्रिलेट. आडनाव एक, माणूस वेगळा. शिवाय जखम चिकटवल्यावर तिच्यावर कुणी काडी ओढत नाही.

"लाकडापेक्षा मजबूत" यावर फार शाई खर्च करत नाही. कडक असणं वेगळं, चिवट असणं वेगळं. ब्रायर तापला-निवला की थोडा हलतो, सोडा-गोंदाची ती ठिसूळ पाचर हलत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. जुने पाईप दुरुस्त करणारे सुपरग्लू वापरतात, खरंच वापरतात. तोंडात धरायच्या काळ्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) दांडीवर दातांचे खड्डे पडतात, ते कोळशाची बारीक पूड आणि सुपरग्लू यांनी भरून, पूर्ण वाळल्यावर घासून गुळगुळीत करतात. भांड्याच्या बाहेरच्या बारीक खळ्यांत ब्रायरचा भुसा घालूनही हेच करतात. दोन्ही जागा निखाऱ्यापासून लांब. दांडीचं टोक मोडलं तर दोन ट्यूबा मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद चालतो, तोही तिथे आच पोचत नाही म्हणूनच. फॉरवर्डवाल्याने यातलं अर्धं ऐकलं आणि उरलेलं मनाने जुळवलं.

मामांच्या तड्याचं काय? तो आरपार नसेल तर जिथे संपतो तिथे अगदी बारीक भोक पाडतात, म्हणजे पुढे पळत नाही, आणि मग बाहेरून भरतात. आतल्या बाजूला राख आणि वॉटरग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, यांचा लेप देऊन नीट सुकवतात. काही जण दह्यात सक्रिय कोळसा कालवून आतून पातळ थर देतात. तो तडा सांधत नाही, पण लाकडाला थेट आच लागू देत नाही. तडा आरपार असेल तर पाईप शोकेसमध्ये.

उजेडात धरून बघितलं तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. आरपार होता. ट्यूब मामींनी चपलेच्या पट्ट्याला लावली.