सुखी वीजग्राहक कसे व्हावे

मंगळवारी वळीव आला, चार थेंब पडले आणि कर्नाटकातल्या आमच्या खानापूरकडच्या गावाची टीसी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. गाव अजून अंधारात आहे. तुमच्यावरही हीच वेळ येणार, तेव्हा वीजखात्याच्या सेक्शन ऑफिसचा फोन लावत बसण्यापेक्षा हे सल्ले पाळा.

आधी अभिमान बाळगा. 2025 च्या मध्याला देशाच्या सुमारे 485 गिगावॅट वीजक्षमतेतली निम्मी कोळसा, वायू आणि तेलाशिवायची झाली. ही बातमी सांगणारा मेसेज अंधारात वाचा, चार्जिंग उरलं असेल तर फॉरवर्डही करा. क्षमता वेगळी आणि युनिट वेगळं, हे मात्र मनात आणू नका. सोलरची क्षमता म्हणजे भर उन्हात मिळेल तेवढी. दिवेलागणीला तीच शून्य. म्हणून तर प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे.

गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना, असेल तर महिनाअखेर पाहुण्यांना बोलावू नका. महिन्याला 200 युनिटच्या वर गेलात की सगळंच बिल तुमचं.

बिल कन्नडमध्ये येतं. आकडा कळतो ना? बास.

शेतकरी असाल तर उसाला रात्रीच पाणी पाजा. तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड्याला 2,050 मेगावॅटचा सोलर पार्क आहे, दुपारी राज्यात सोलर जोरात असतं, आणि आम्हाला मोटारीला लागणारी थ्री फेज वीज कधी? पाळी रात्रीची आली की मध्यरात्री! खानापूरच्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, बांधावर घोणस बसलेली असते. पण बॅटरी घ्या, काठी घ्या आणि जा. मोटर सुरू केली की तासाभरात एक फेज गायब. ती आली की व्होल्टेज नाही. व्होल्टेज आलं की वेळ संपली. ऊन दिवसा पडतं हे कुणीतरी वर जाऊन सांगा रे! सौंदत्तीला पंप्ड स्टोरेज करणार आहेत म्हणे, म्हणजे वीज जास्त असताना पाणी डोंगरावर चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज काढायची. उत्तम! पण दिवसा तीच वीज थेट आमच्या मोटारीला दिली तर विहिरीतलं पाणीही चढतंच की वर. त्याला कुठला डोंगर लागतो?

बरं, थट्टा पुरे.

वीजखात्याचे साहेब, वाऱ्याच्या झुळकेला लाईन पडते ती कोळशामुळे नाही, सोलरमुळेही नाही. तारांवरच्या फांद्या पावसाआधी कुणी तोडल्या नाहीत म्हणून पडते. आणि गावकऱ्यांनो, ‘फुकट आहे, कशाला बोलायचं’ हे बंद करा. फुकट काही नाही. ते पैसे सरकार भरतं, तुमच्याच करातून. टीसी आणायला घरटी वर्गणी काढता, ट्रॅक्टर तुमचाच, वर लाईनमनला चहा-भजी. 2020 च्या वीजग्राहक हक्क नियमांत सेवा वेळेत दिली नाही तर भरपाईची तरतूद आहे. एकाने तरी लेखी तक्रार देऊन पोच घेतली का? कट्ट्यावर बसून शिव्या घालायला मात्र सगळे हजर!