बकेटभर सराव

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, वाईट खेळायला वेगळं कौशल्य लागतं. पायाखाली सपाट मॅट, मॅटवर आखलेली सरळ रेघ, समोर मोकळं मैदान आणि शेजारी बॉलने भरलेली बकेट. एक बॉल वाकडा गेला की दुसरा हजर. पहिल्याचं सुतक पाळायला वेळच नाही.

त्यात ती मॅट सावत्र आईच्या उलट, भलतीच मायाळू. सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फचा एक क्लब (काठी), बॉलच्या दोन इंच मागे आपटलं तरी ते रबरावरून घसरत बॉलपर्यंत पोचतं आणि बॉल झोकात उडतो. तोच फटका येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर मारून बघा. मातीचं ढेकूळ पुढे, बॉल मागे. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणणाऱ्याने गोल्फ पाहिला नसणार. इथे अंगण खरोखरच वाकडं असतं. बॉल कधी पायांपेक्षा वर, कधी खाली, कधी झाडाच्या मुळाला बिलगलेला. बॅग वाहणाऱ्या एका जुन्या कॅडीने मला एकदाच सांगितलं होतं, "साहेब, बॉलला नका मारू. बॉलच्या पुढच्या गवताला मारा." मॅटवर गवतच नसतं, ही त्यातली गोम.

म्हणून मी शहाण्यासारखा सराव करायचं ठरवलं. त्याला शास्त्राचा आधारही आहे. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना हाताच्या काही हालचाली शिकवल्या. एका गटाने एकच हालचाल घोटून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने सगळ्यांची सरमिसळ केली. सरावाच्या वेळी घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तर सरमिसळवाले पुढे. गोल्फलाही हे पटण्यासारखं आहे. कोर्सवर कोणी एकाच जागेवरून सलग तीस वेळा सेव्हन आयर्न मारत नाही. (मारावं लागत असेल, तर प्रश्न सरावाच्या पलीकडचा आहे.)

तेव्हा दर बॉलला क्लब बदलायचा, लक्ष्य बदलायचं, मागे येऊन नेम बघायचा, श्वास सोडायचा, मग एकच फटका. बॉलच्या चार इंच मागे घडी घातलेला नॅपकिन ठेवायचा, म्हणजे क्लब मागे आपटला की नॅपकिनच उडतो आणि मॅटची लबाडी उघडी पडते. वाचायला सोपं आहे. करायला गेलं की शेजारच्या खणातले काका आडवे येतात.

"काय हो, बॉल संपले?"

"नाही, नेम बघतोय."

"एवढं मोठं मैदान आहे, नेम कसला बघायचा?" असं म्हणून त्यांनी वाकून माझा नॅपकिन उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला. "खाली पडला होता."

काकांकडे नियमात बसणारे चौदाच्या चौदा क्लब आहेत, पण बॅगेतून बाहेर येतो तो फक्त ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारायचा क्लब. त्यांचा बॉल निघतो समोर आणि पोचतो उजवीकडच्या जाळीत. झेंडे निपचित लोंबत असताना ते म्हणतात, "आज वारा आहे." मधल्या वेळात सल्ले. "डोकं खाली ठेवा हो, डोकं!" हा सल्ला रेंजवर पाण्याआधी मिळतो. डावीकडचे गृहस्थ म्हणतात ग्रिप ढिली करा, मागचे म्हणतात घट्ट धरा. त्यात बॉल गोळा करणारी जाळीबंद गाडी मैदानात उतरली की सगळी रांग आपापला स्विंग विसरून तिच्यावर नेम धरते. काकासुद्धा. मैदान मोठं आहे, हे तेव्हा कोणाला आठवत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, त्या शनिवारी सकाळी अख्खा देश गोल्फतज्ज्ञ झाला होता. काका त्याच बॅचचे. पण अदिती तिथे लांब मारणाऱ्यांतली नव्हतीच; तिने मोठमोठ्यांना घाम फोडला तो पटिंगच्या, म्हणजे बॉल हलकेच भोकात ढकलण्याच्या, जोरावर. हे काकांच्या लक्षात राहिलेलं नाही. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवायच्या, अठरा होलच्या कोर्सवर दर होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ तिथे. तरी आमच्या रेंजचं पटिंग ग्रीन कायम ओस, कारण पटला आवाज नाही आणि बघणाऱ्याला भारी वाटण्यासारखं काहीच नाही.

म्हणून मी अर्धी बकेट तशीच ठेवून तिकडे सटकलो. सव्वाचार इंचांचं भोक, मी आणि शांतता. पाच मिनिटांत काका मागोमाग.

"इथले पैसे वेगळे?"

"नाही, बकेटमध्येच धरलेत."

"म्हणजे मी इतके दिवस..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं आणि ताडताड जाऊन बॅगेतून पटर काढून आणला. त्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. ते तसंच ठेवून त्यांनी दणक्यात पट मारला. बॉल होलला वळसा घालून, ग्रीन ओलांडून पार्किंगच्या दिशेने निघाला.

"उतार आहे हो इथे," काका म्हणाले.

उतार होता. मी मुकाट्याने बॉल आणायला गेलो.