जपानला जाताय? आधी काताकाना शिका

"भाषा येत नाही, मग तिथे खायचं काय आणि ट्रेन पकडायची कशी?" या धास्तीपायी आपल्याकडची कितीतरी माणसं जपानला ग्रुप टूरनेच जातात. गाइडच्या झेंड्यामागे धावत बघितलेल्या जपानचं मला मनापासून वाईट वाटतं. हा देश आपला आपण फिरावा, आणि मराठी माणसाला तर ते जास्तच जमण्यासारखं आहे.

काताकाना ही त्यांची एक लिपी. मूळ अक्षरं 46. त्यांचा क्रम बघा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपली बाराखडीच की! संस्कृतचा वर्णक्रम बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचला, त्याच्याच वळणावर हा क्रम बसलाय. बाहेरून आलेले शब्द याच लिपीत लिहितात. कोही, कारे, होतेरु, तोइरे, म्हणजे कॉफी, करी, हॉटेल, टॉयलेट. अक्षरं जुळवून मोठ्याने वाचा, अर्थ आपोआप लागतो. वाक्यं पाठ करून फारसा उपयोग नाही, कारण समोरचा उत्तर देतो तेही जपानीतच.

ट्रेनची भीती तर उगाचच. टोकियो मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनाला अक्षर आणि आकडा आहे. गिंझा लाइनवर गिंझा म्हणजे जी-09, आसाकुसा जी-19. आकडे चढताहेत की उतरताहेत एवढं बघायचं.

शाकाहाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. नुसत्या भाजीच्या सूपमध्येही बहुतेक वेळा सुक्या माशाचं पाणी, म्हणजे दाशी, असतं. "मांस नको" म्हणून भागत नाही. मांस, मासे, माशाची दाशी यातलं काहीच चालत नाही, असं जपानीत लिहून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. ओसाकाच्या नांबाहून ट्रेन, मग केबल कार आणि बस असं करत कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राला नक्की जा. तिथल्या देवळांत मुक्काम करता येतो आणि जेवण शोजिन र्‍योरी, भिक्षूंचं शाकाहारी. ओकुनोइनच्या दफनभूमीत दगडी स्तूपांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत ख, ह, र, व, अ कोरलेले दिसतात. ते बघताना मला फार भरून आलं होतं. घाईच्या टूरमध्ये हे कुठून मिळणार?

आईवडिलांना नेणार असाल तर मोठ्या बॅगा ट्रेनमध्ये ओढत बसू नका. हॉटेलच्या काउंटरवरून त्या पुढच्या हॉटेलला कुरिअरने पाठवता येतात. साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून रात्रीपुरते कपडे आणि औषधं जवळ ठेवा.